देशाचे उत्पन्न वाढत असताना बाजारात मंदी असू शकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत आपले बांधकाम साहित्याचे दुकान आहे. काही महिन्यांपासून बाजारात उठाव नाही आणि उधारी वेळेवर वसूल होत नाही, म्हणून देशात मंदी आली आहे असे आपले मत आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा आपला पुतण्या म्हणतो की जीडीपी, म्हणजे देशाचे एकूण उत्पन्न, वाढत असताना मंदी असूच शकत नाही. सलग दोन तिमाह्यांत जीडीपी घटला तरच मंदी म्हणायचे, बाकी सगळा मनाचा ग्रह. दोघांत बरोबर कोण, आणि सामान्य माणसाने हे ठरवावे कशावरून, असे आपण विचारले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ एका बँकेच्या कर्ज विभागात काम केले. त्यातला बराचसा काळ पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील, आणि पुढे कोल्हापूर-इचलकरंजी भागातील लघुउद्योगांची कॅश क्रेडिट खाती, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलता येतात ती कर्जखाती, सांभाळण्यात गेला. हा वाद मी कारखान्यांच्या केबिनमध्ये, व्यापारी संघांच्या बैठकांत आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकला आहे. माझे मत आधीच सांगतो. आपल्या पुतण्याने वापरलेली कसोटी भारतासाठी फारशी उपयोगाची नाही, आणि आपण काढलेला निष्कर्ष आपल्या पुराव्यापेक्षा मोठा आहे. तरीही आपल्याला जे जाणवते आहे ते खरे असू शकते आणि जीडीपीच्या आकड्यात ते दिसणारही नाही.

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठीत आपण ‘मंदी’ हा एकच शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरतो. शेअर बाजार कोसळला की मंदी, गिऱ्हाईक कमी झाले की मंदी, देशाच्या वाढीचा वेग कमी झाला की मंदी, आणि देशाचे उत्पन्न प्रत्यक्ष आकसले तरी मंदीच. अर्थशास्त्रात यांपैकी फक्त शेवटच्या गोष्टीला, तीही पुरेशी खोल, सर्वदूर आणि काही काळ टिकणारी असेल तर, मंदी म्हणतात. वेग कमी होण्याला मंदगती म्हणणे बरे. आपण दुसऱ्या अर्थाने बोलत आहात आणि पुतण्या चौथ्या अर्थाने, त्यामुळे रात्रभर वाद घातला तरी दोघे एकमेकांना भेटणार नाहीत.

दोन तिमाह्यांचा नियम अमेरिकेतून आला. ज्युलियस शिस्किन या संख्याशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात मंदी ओळखण्याच्या अनेक खुणा दिल्या होत्या, त्यांतली ही एक. बाकीच्या खुणा मागे पडल्या आणि ही सोपी म्हणून तोंडोतोंडी झाली. खुद्द अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था हा नियम पाळत नाही. ती रोजगार, लोकांचे प्रत्यक्ष उत्पन्न, खर्च, विक्री आणि औद्योगिक उत्पादन एकत्र पाहते. २००१ मध्ये तेथे मार्च ते नोव्हेंबर अशी मंदी नोंदली गेली, पण त्या वर्षी सलग दोन तिमाह्यांत घट नव्हती. उलट २०२२ च्या पहिल्या दोन तिमाह्यांत घट दिसली, अमेरिकेत घरोघरी हाच वाद पेटला, पण बेरोजगारी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असल्याने मंदी जाहीर झाली नाही. पुढे २०२४ मध्ये आकडे सुधारले तेव्हा त्यांतली दुसरी तिमाही घटीची नव्हे तर किंचित वाढीची ठरली. निकाल लागायलाही वेळ लागतो. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी त्या संस्थेने १ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केली, तोवर लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

भारतात तर अशा तारखा अधिकृतपणे ठरवणारी संस्थाच नाही. शिवाय अमेरिका या तिमाहीची तुलना, हंगामाचा परिणाम वजा करून, मागच्या तिमाहीशी करते. आपल्याकडे जाहीर होणारा वाढीचा दर गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेल्या तुलनेचा असतो. त्यामुळे आपल्याकडे घट दिसायला उशीर होतो आणि ती संपलेली दिसायलाही उशीर होतो. माप एका देशाचे आणि फूटपट्टी दुसऱ्या देशाची, असे ते होते.

स्वातंत्र्यानंतर पूर्ण वर्षाचे उत्पन्न घटल्याचे प्रसंग आपल्याकडे मोजकेच आहेत: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. पहिल्या चारांच्या मुळाशी मुख्यतः पाऊस होता. तेव्हा शेतीचा वाटा इतका मोठा होता की पाऊस गेला की देशाचे उत्पन्न जाई. १९७९-८० मध्ये दुष्काळाच्या जोडीला तेलाची दरवाढ आली आणि घट पाच टक्क्यांहून अधिक झाली. १९७२ च्या दुष्काळात मंदी आहे का असा वाद महाराष्ट्रात कोणी घातला नाही. माणसे खडी फोडायला जात होती, आणि त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. आज शेतीचा वाटा बराच कमी झाला आहे. त्यामुळे एकाच धक्क्याने देशाचे सगळे उत्पन्न खाली जाणे दुर्मिळ झाले, आणि वाद मंदगतीभोवती फिरू लागला.

या वादाचे सर्वांत चांगले उदाहरण २०१९ चे आहे आणि ते मी जवळून पाहिले. त्या ऑगस्टच्या अखेरीस एप्रिल ते जून तिमाहीच्या वाढीचा आकडा ५ टक्के आला, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुढच्या तिमाहीचा साडेचार टक्के. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितले की वाढीचा वेग कमी झालेला असेल, पण ही मंदी नाही. व्याख्येच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्याच वेळी ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ३१.६ टक्क्यांनी घटली होती. चाकण-भोसरीत मोठे कारखाने ब्लॉक क्लोजर घेत होते, म्हणजे काही दिवस उत्पादन पूर्ण बंद ठेवत होते. तेथे सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या उद्योजकाची तीन शिफ्ट चालणारी मशीन एका शिफ्टवर आली होती आणि कंत्राटी मुले गावी परतत होती. त्या माणसाला ही मंदी नाही असे सांगण्याची माझी हिंमत झाली नसती.

कारणेही एकमेकांवर येऊन पडली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि बिगरबँकिंग वित्त कंपन्यांचा पैसा आटला; गाड्यांची कर्जे मोठ्या प्रमाणावर याच कंपन्या देत असत. त्याच महिन्यापासून नव्या गाडीचा तृतीय पक्ष विमा मोटारीला एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा घेणे सक्तीचे झाले, म्हणजे शोरूममध्ये भरायची रक्कम वाढली. त्याआधी जुलैमध्ये मालट्रकची भारक्षमता वाढवल्याने आहे त्याच ट्रकांत अधिक माल मावू लागला आणि नव्या ट्रकची गरज घटली. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या बीएस-६ गाड्या येणार म्हणून अनेकांनी खरेदी पुढे ढकलली. यांतले एकेक कारण पेलले असते. सगळी मिळून पेलली नाहीत.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा त्या चर्चेत फारसा कोणी उच्चारला नाही. साडेचार टक्के वाढ ही महागाई वजा करून काढलेली होती. महागाईसह, म्हणजे प्रत्यक्ष रुपयांत, देशाचे उत्पन्न त्या तिमाहीत ६.१ टक्क्यांनी वाढले होते. दुकानदार आणि कारखानदार महागाई वजा करून धंदा करत नाहीत. त्यांचे बिल, पगार, कर आणि कर्जाचा हप्ता रुपयांतच असतो. आदल्या दशकात रुपयांतली वाढ दरवर्षी दहा-बारा टक्के किंवा त्याहून अधिक असणे नेहमीचे होते. विक्री त्या वेगाने वाढेल हे धरून लोकांनी मशीन घेतले, गाळा घेतला, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेतली. त्या खात्यावर व्याज दहा-अकरा टक्के पडत होते. विक्री सहा टक्क्यांनी वाढत असेल आणि कर्ज अकरा टक्क्यांनी फुगत असेल, तर तो माणूस दरवर्षी मागे पडतो. देशाच्या हिशेबात ती वाढ असते, त्याच्या खात्यात मात्र ते आकुंचन असते.

माझ्या सगळ्या नोकरीतून मला नीट कळलेली गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. कर्जाचा करार वाढीच्या एका अपेक्षेवर बांधलेला असतो. वेग त्या अपेक्षेखाली आला की, वेग शून्याच्या वर असला तरी, ज्याच्यावर कर्ज आहे त्याला मंदी लागते आणि ज्याच्यावर नाही त्याला ती लागत नाही. तीन कोटींची उलाढाल असलेल्या शेजारच्या दोन कारखान्यांपैकी एक त्या वर्षी शांतपणे तग धरून होता, तर दुसऱ्याचे खाते मर्यादेला चिकटून बसले होते, बँकेला द्यायच्या शिल्लक मालाच्या तक्त्यात न खपलेला माल दिसत होता आणि त्याने दिलेले चेक परत जात होते. दोघांना एकाच कंपनीकडून काम मिळत होते. फरक एवढाच की दुसऱ्याने २०१७ मध्ये संगणकावर चालणाऱ्या दोन सीएनसी मशीन कर्जावर घेतल्या होत्या. या दोघांना मंदी आहे का असे विचारले असते, तर उत्तरे वेगळी मिळाली असती आणि दोन्ही प्रामाणिक असती.

२०२० मध्ये मात्र वादाला जागा राहिली नाही. एप्रिल ते जून तिमाहीत उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आणि पुढच्या तिमाहीत साडेसात टक्क्यांनी घटल्याचे त्या वेळी जाहीर झाले, आणि सलग दोन तिमाह्यांच्या घटीसाठी वापरला जाणारा ‘तांत्रिक मंदी’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. त्या काळातही शेतीची वाढ तीन टक्क्यांहून अधिक होती. वर्षाच्या घटीचा आकडा आधी ७.३, मग ६.६ आणि अखेर ५.८ टक्के असा सुधारत गेला. एखाद्या आकड्यावर पैज लावण्यापूर्वी तो कितव्या फेरीचा आहे हे पाहावे, असे मी यासाठीच सांगत असतो.

त्यानंतरच्या वर्षाचा आकडा आपल्या पुतण्याला आवर्जून दाखवा. २०२१ च्या एप्रिल ते जून तिमाहीत वाढ २०.१ टक्के नोंदली गेली आणि तिचे मोठे स्वागत झाले. स्थिर किमतींनुसार, म्हणजे महागाई वजा करून, त्या तिमाहीचे उत्पन्न होते ३२.३८ लाख कोटी रुपये. आदल्या वर्षी ते २६.९५ लाख कोटी होते, म्हणून वाढ वीस टक्के. पण २०१९ च्या त्याच तिमाहीत ते सुमारे ३५.६६ लाख कोटी होते. म्हणजे विक्रमी वाढ झाली तेव्हा देश दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ टक्के खाली उभा होता. खड्ड्यातून अर्ध्याहून अधिक वर आलेल्या माणसाला वाढीचा दर उत्तम दिसतो, पण त्याचे पाय अजून जमिनीला लागलेले नसतात. म्हणून मी दरापेक्षा पातळी पाहतो: मागची सर्वांत चांगली पातळी पुन्हा गाठली का, आणि कधी?

आता आपल्या बाजूचा एक भक्कम मुद्दा. मी सांगतो त्या वर्षांत तिमाहीचा जीडीपी काढताना मोठ्या कंपन्यांचे निकाल हाती असत, पण आपल्यासारख्या दुकानांचे, गवंड्यांचे, यंत्रमागांचे, टपऱ्यांचे हिशेब दर तीन महिन्यांनी गोळा होत नसत. असंघटित क्षेत्राचा अंदाज बऱ्याच अंशी जुन्या पाहण्या आणि संघटित क्षेत्राचे आकडे यांच्या आधारे बांधला जाई. दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेने चालत असतील तोवर हे ठीक असते. पण नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत आणि त्यानंतरच्या जीएसटीच्या पहिल्या महिन्यांत छोट्यांचा धंदा मोठ्यांकडे सरकला. अशा वेळी मोठ्यांची वाढलेली विक्री पाहून छोट्यांचीही वाढली असेल असे धरले, तर अंदाज उलटा पडतो. इचलकरंजीत माग भंगारात विकले जाताना मी पाहिले आहेत. त्यांचे बंद पडणे कुठल्याही तिमाहीच्या आकड्यात त्याच तिमाहीत दिसले असेल असे मला वाटत नाही.

बेरोजगारीचा आकडाही आपल्याकडे फसवा ठरतो. सरकारच्या वार्षिक श्रमबल पाहणीत बेरोजगारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२. म्हणजे अनेक दशकांतल्या सर्वांत मोठ्या आकुंचनाच्या वर्षी बेरोजगारी कमी झाली! आकडा खोटा नाही. आपल्याकडे गरीब माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही. शहरातले काम सुटले की तो गावी जातो, भावाच्या शेतात राबतो, घरातली बाई शिवणकाम किंवा म्हैस पाहते, आणि पाहणीत सगळे ‘कामावर’ नोंदले जातात. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात साडेबेचाळीस टक्क्यांवरून साडेशेहेचाळीस टक्क्यांपर्यंत वाढले. म्हणून आपल्या देशात मंदी शोधायची तर काम आहे का यापेक्षा ते कोणते आहे आणि त्यातून किती मिळते हे विचारावे लागते.

हीच फाटाफूट विक्रीतही दिसते. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख. त्या वर्षी जीडीपीची वाढ साडेआठ टक्क्यांहून अधिक होती आणि महागड्या मोटारींना प्रतीक्षायादी होती. पुतण्याला मॉल भरलेले आणि विमाने गच्च दिसतात, ते खरेच असते. दुचाकी न घेणारा माणूस मॉलमध्ये भेटत नाही. मुंबईच्या गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची चूल विझत गेली, तेव्हाही देशाचे उत्पन्न वाढतच होते. परळ-लालबागच्या चाळीत मंदी होती का? होती, आणि ती अनेकांच्या बाबतीत कायमची ठरली.

आता आपल्या निष्कर्षातले दोष सांगतो, कारण आपली बाजू घेऊन थांबलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका दुकानाच्या गल्ल्यावरून देशाचे निदान करता येत नाही, आणि त्यातही हंगामाचा भाग मोठा असतो. २०१८ ची दिवाळी ७ नोव्हेंबरला होती आणि २०१९ ची २७ ऑक्टोबरला. नुसत्या ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर सणाची खरेदी एका वर्षी एका महिन्यात आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या महिन्यात पडते. पितृपक्ष आणि अधिक महिना सरकला की बांधकाम आणि वाहन, दोन्हींची खरेदी सरकते. आपल्या भागात उसाचे बिल कारखान्याने कधी दिले यावर सिमेंट-सळईची विक्री ठरते, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरचा बाजार बुडाला, त्याला देशाची मंदी कारण नव्हती. आणि पाणी ओसरल्यावर घरदुरुस्तीसाठी काही महिने बांधकाम साहित्याला मागणी आली, तीही देशाची तेजी नव्हती. शिवाय गिऱ्हाईक आपल्याकडून उठून रस्त्यापलीकडे किंवा ऑनलाइन गेले असेल, तर तो स्पर्धेचा प्रश्न आहे. त्यावरचा उपाय अगदी वेगळा असतो.

मग पाहावे काय? मी खात्यांवर काम करत असताना विक्रीच्या आधी उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस पाहत असे. विक्री सणाने किंवा सवलतीने फुगवता येते, पण समोरच्याच्या हातात पैसा नसेल तर वसुली फुगवता येत नाही. पंचेचाळीस दिवसांत येणारे पैसे साठ आणि मग नव्वद दिवसांवर गेले, आणि असे एका गिऱ्हाइकाचे न होता ठेकेदार, फर्निचरवाला, शेतकरी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांचे एकाच वेळी झाले, तर ती माझ्यासाठी सर्वांत गंभीर खूण असे. दुसरी खूण ओव्हरटाइमची. कारखानदार माणसे शेवटी काढतो. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग शनिवारची शिफ्ट, मग कंत्राटी मुले. तिसरी खूण वीजबिलातल्या युनिटची, कारण युनिट महागाईने वाढत नाहीत. देशपातळीवरही हे चालते: ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेची मागणी वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटली होती. त्यात लांबलेल्या पावसाचा हात होता, तरी कारखान्यांची शांतताही होती.

तेव्हा आपण दोघांनी एक करावे. मागच्या पाच वर्षांच्या वह्या काढून जूनपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंतचा काळ एकमेकांशी लावून पाहावा, म्हणजे सण मागेपुढे झाल्याचा फरक निघून जाईल. रुपयांतली विक्री बाजूला ठेवून सिमेंटची पोती आणि सळईचे टन मोजावेत. उधारीची सरासरी किती दिवसांची झाली हे प्रत्येक वर्षासाठी काढावे, आणि रंग, प्लंबिंग, सिमेंट हे तीन गट वेगवेगळे लिहावेत. त्यासोबत मिरजेच्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीतल्या दोन-तीन ओळखीच्या कारखान्यांत शिफ्ट किती चालतात एवढे विचारून यावे. पोती घटली, दिवस वाढले आणि शिफ्टही कमी झाल्या असतील, तर आपल्या जिल्ह्यात आकुंचन आहे असे मी जीडीपीचा आकडा काहीही असला तरी म्हणेन. त्या वेळी नवा माल उधारीवर भरू नका आणि कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागू नका. पोती तेवढीच असतील आणि फक्त उधारी लांबली असेल, तर एक-दोन मोठे ठेकेदार अडकले आहेत का ते आधी तपासा. तशा वेळी त्यांचा माल थांबवून जुने येणे हप्त्याने बांधून घ्यावे; मी हे अनेक खातेदारांना सांगितले आहे आणि बहुतेकांचे पैसे उशिरा का होईना, आले आहेत.